लोकांची पोरं आधी

‘डोकी किती?’ असं विचारून काकी उत्तराची वाट कधी बघायच्या नाहीत. उजवा हात पुढे करून समोरच्या प्रत्येक पोराच्या टाळूवर हलकेच थापटत जायच्या. एक, दोन, तीन, चार. लग्नाची पंगत असो, सत्यनारायणाच्या प्रसादाची रांग असो, जिथे चार पोरं दिसतील तिथे मोजणी सुरू. पोरांनाही इतकी सवय झाली होती की काकी जिन्यात दिसल्या तरी त्यांच्या माना आपोआप खाली जायच्या.

नाहूरला आमची चार मजल्यांची जुनी बिल्डिंग आहे. तुम्ही राहता तिथेही अशी एखादी बाई असेल, जरा आठवून बघा. आमच्याकडे बायकांना नाव नसतं, पोरांचं नाव असतं. मी ओंकारची आई, समोरच्या ऋताच्या आई. काकींनाही मुलगी होती, सानिका, माझ्या ओंकारच्याच वर्गातली. पण त्यांना कधी कोणी सानिकाची आई म्हणालं नाही. त्या सगळ्यांच्या काकी. माझ्यापेक्षा फार तर सहासात वर्षांनी मोठ्या असतील, पण मीही काकीच म्हणायचे. यात काही चुकतंय असं तेव्हा कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

दिवाळीनंतर त्या बदलापूरला राहायला गेल्या. त्यांची आठवण आम्हाला खरी आली ती या मे महिन्यात. पोरांना राणीच्या बागेत न्यायचं ठरलं. आम्ही सगळे शिकलेसवरलेले आईबाप. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, ग्रुपवर मतदान घेतलं, मतदानावर भांडलो, एक कुटुंब ग्रुप सोडून गेलं, त्यांना परत आणलं. शेवटी सगळ्यांच्या रजा जुळल्या तो एक दिवस ठरला आणि टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. फाटक बंद. बुधवार होता. बुधवारी बाग बंद असते हे मुंबईत राहणाऱ्या निम्म्या माणसांना माहीत आहे, फक्त आमच्या ग्रुपवर कोणाला नव्हतं. कारण इतकी वर्षं ते लक्षात ठेवायचं काम काकींचं होतं.

काकींची सहल मेच्या दुसऱ्या रविवारी असायची. आधी आठवडाभर त्यांचा जिन्यात दरबार भरायचा. कोणाला गाडी लागते, कोणाला उन्हाने घोळणा फुटतो, कोण वांगं खात नाही, सगळं त्यांना पाठ. तळमजल्यावरच्या व्हॅनवाल्याच्या दोन व्हॅन होत्या, एरवी शाळेच्या पोरांना नेणाऱ्या. त्या दिवशी त्या काकींच्या ताब्यात. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. केळी मात्र न्यायची नाहीत, हा कडक नियम.

‘‘का हो काकी? केळी बरी पडतात की,’’ मी एकदा म्हटलं.

‘‘माकडांसमोर बसून केळी खायची? आणि त्यांनी काय, आपली तोंडं बघायची?’’

असा त्यांचा जीव. कोणाचंही काहीही असो, आधी यांना अपराधी वाटायचं. हिप्पो झोपलेला असला आणि पोरं ओरडायला लागली की त्या दटावायच्या, ‘‘झोपू दे रे, त्याला पण रविवार आहे.’’ प्रत्येक पिंजऱ्यापासून निघताना त्या प्राण्याला ‘येतो हां’ म्हणायच्या. आपण घरून निघताना जातो म्हणत नाही, तसंच. हरणाला, हत्तीला, नव्याने आलेल्या पेंग्विनलासुद्धा. पोरंही मग मागोमाग म्हणायची, ‘येतो हां.’ हे मला ओंकारकडून कळायचं, कारण मी कधी गेलेच नाही. पवईला माझं ऑफिस, सहा दिवस मान मोडून काम, आणि तो वर्षातला एक रविवार मी दुपारी जेवून जी झोपायचे ती चहालाच उठायचे. सगळ्या बिल्डिंगमधल्या आया तेच करायच्या. त्या दुपारी आमच्या जिन्यात इतकी शांतता असायची की मजल्यामजल्यावरची घोरणी ऐकू यावीत.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला काकींचा मंत्र सांगते. ‘‘लोकांची पोरं आधी.’’ लोकांनी आपला जीव आपल्या हवाली केला आहे, तेव्हा खिडकी लोकांच्या पोरांना, पहिली पुरी लोकांच्या पोरांना, पिंजऱ्यापुढची जागा लोकांच्या पोरांना. आणि आपलं? ‘‘आपलं काय, येतंय मागून.’’ प्रत्येक पोराच्या छातीला रुमाल, रुमालाला सेफ्टी पिन, रुमालाच्या कोपऱ्यात पेनाने काकींचा मोबाईल नंबर. सानिकाला रुमाल नाही, कारण तिला नंबर पाठ. सानिकाचं काम वेगळंच होतं. काकी रांगेच्या पुढे, आणि शेवटी सानिका. ‘‘तू शेपूट. कोण मागे राहत नाही ना, बघ.’’ आठ वर्षांची ती पोर दिवसभर लोकांच्या पोरांना पुढे ढकलत चालायची.

मोजायच्याही त्या लोकांचीच पोरं. आपली काय मोजायची?

सानिकाची तिसरी संपली त्या वर्षी बागेत पेंग्विन बघायला तोबा गर्दी होती. दोन्ही व्हॅन संध्याकाळी बिल्डिंगच्या फाटकाशी लागल्या तेव्हा आम्ही आया खाली उतरलो होतो. पोरं उन्हाने लालबुंद, रुमाल लोंबत होते. काकी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून ज्याची त्याला देत होत्या. दहा, अकरा आणि माझा ओंकार बारावा. त्याच्या टाळूवर हात असतानाच त्यांचा फोन वाजला.

‘‘हॅलो? कोण? … नाही हो, आमची सगळी पोचली. मोजलीत मी.’’

पलीकडून कोणीतरी काहीतरी बोललं.

‘‘नाव काय म्हणालात?’’

ओंकारच्या डोक्यावरचा तो हात मला अजून दिसतो. तो तिथेच राहिला. पहिल्या व्हॅनमधल्या पोरांना वाटलं होतं सानिका दुसऱ्या व्हॅनमध्ये आहे, दुसऱ्या व्हॅनमधल्यांना वाटलं पहिल्या. काकींनी निघताना बारा डोकी मोजली होती आणि बारा भरली होती.

काकींच्या नवऱ्याची दुसरी पाळी होती, म्हणून बागेकडे परत जाताना व्हॅनमध्ये त्यांच्याबरोबर मी बसले. घाटकोपर येईपर्यंत त्या हातातला फोनच बघत होत्या. मग एकदम मालवणीत, पोरीबद्दल, स्वतःशीच म्हणाल्या, ‘‘माझा चेडू थय आसा, आणि मी म्हटलंय सगळी पोचली.’’ माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘तिला ऐकू गेलं असेल का हो? त्या बाईने फोन लावला तेव्हा ती बाजूलाच असणार ना?’’

मी म्हटलं, नाही हो, फोनमधलं कसं ऐकू जाईल. मला काय माहीत होतं? पण त्या वेळी माणूस दुसरं काय बोलणार.

बागेच्या फाटकाजवळ एका स्टुलावर सानिका बसली होती. शेजारी सुरक्षारक्षक बाई, त्यांनीच तिला बिस्किटाचा पुडा दिला होता. काकींनी तिला जवळ घेतलं नाही, रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. सानिकाने वर बघितलं आणि विचारलं, ‘‘सगळी पोचली ना?’’

झालं. त्या तीन शब्दांनी त्या बाईची पुढची सात वर्षं खाल्ली. पोरीने आपलं शेपटाचं काम म्हणून सहज विचारलं, की फोनवरचं ऐकून आपल्यालाच आपले शब्द परत केले? काकी मला कितीदा तरी विचारायच्या. मी म्हणायचे, तिलाच विचारा ना एकदा. त्या मान हलवायच्या. ‘‘आणि ती हो म्हणाली तर?’’

आम्ही काय केलं? तोंडावर सगळे म्हणालो, होतं असं कधीकधी, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. पाठीमागे दोघीतिघी असंही बोलल्या की स्वतःची पोर विसरते ती आमची काय सांभाळणार. म्हणजे बघा, आमची बाराच्या बारा घरी आणून दिली आणि तरी बोलायची सोय झालीच. आणि पुढच्या मे महिन्यात त्याच आम्ही निर्लज्जासारख्या जिन्यात उभ्या. ‘‘काकी, यंदा कधी नेताय?’’ काकी नाही म्हणतील असं कोणाला वाटलंच नाही, आणि त्या म्हणाल्याही नाहीत. फक्त त्या वर्षी सानिकाच्या मनगटाला आपल्या ओढणीचं टोक बांधून घेतलं आणि मोजणी तिच्यापासून सुरू केली. माझ्या घरी पोरं हसत सांगत होती, सानिकाला बकरीसारखं बांधून नेलं. मीही हसले असेन बहुतेक.

मग कोरोना आला, सहल बंद पडली ती पडलीच. पोरं मोठी झाली. पण काकींची ओढणी काही सुटली नाही. सानिका नववीत गेली तरी रस्ता ओलांडताना हात धरायच्या. क्लास सुटायच्या आधी बाहेर जाऊन उभ्या. शाळेची सहल म्हटलं की नाही म्हणजे नाही. एकदा खाली फाटकापाशी ती पोर वैतागून म्हणाली, ‘‘आई, सोड ना यार हात, सगळे बघतायत.’’ काकींनी हात सोडला आणि ओढणीने तळवा पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. चुकलेल्या गोष्टीची भरपाई माणूस भलत्याच नाण्यात करायला जातो, आणि ज्याला द्यायची त्याला ते नाणं नकोच असतं.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मायलेकी पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. पहिला पेढा अर्थात ओंकारला, मग माझ्या धाकट्या परीला. सानिकाला मीच दिला. सगळे मजेत होते. ओंकारचा जिभेवर ताबा कधीच नव्हता, तो एकदम म्हणाला, ‘‘ए सानिका, आठवतं का तुला? काकी तुला हिप्पोकडे विसरून आल्या होत्या. काय वाट लागलेली सगळ्यांची!’’

मी त्याला डोळ्यांनी भाजून काढलं. काकींच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला. सानिका मात्र हसली.

‘‘हो मग! कसं विसरेन?’’

काकींनी बॉक्स खाली ठेवला. सात वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात विचारला, तोही इतक्या हळू की मला वाटलं सानिकाला कळलाच नाही.

‘‘त्या बाई फोनवर बोलत होत्या, तेव्हा मी काय बोलले ते तुला ऐकू आलेलं?’’

‘‘आलेलं ना. स्पीकरवर होता फोन.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? बरोबरच होतं ना तुझं. लोकांची पोरं सगळी पोचलीच होती.’’

त्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आज मंगळवार आहे म्हणावं तसं ती म्हणाली. ते ऐकून मला कुठे बघावं कळेना. आणि काकींचा चेहरा बघून असेल, ती घाईघाईने समजूत घालायला लागली. ‘‘अगं आई, मी घाबरले वगैरे नव्हते. शेवटी होते ना, हिप्पोला ‘येतो हां’ म्हणायला थांबले, तेवढ्यात तुम्ही गर्दीत पुढे गेलात. मला माहीत होतं तू येणार. उलट खरं सांगू? मला भारी वाटत होतं. हिप्पो पहिल्यांदाच नीट दिसला मला. नेहमी तू म्हणायचीस ना, लोकांची पोरं आधी, तू मागे हो. मला दरवर्षी नुसत्या पाठी दिसायच्या सगळ्यांच्या. त्या दिवशी एकदम पुढे, कठड्याला धरून. त्याने तोंड उघडलं ना आई, तर आतले दातसुद्धा दिसले.’’

तिला वाटलं, आईला बरं वाटेल. काकी खाली बसल्या. जमिनीवरच बसल्या, खुर्ची बाजूला असून.

‘‘म्हणजे मी भलत्याच दिवसाचं वाईट वाटून घेत होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या एका दिवशी नाही गं विसरले मी तुला. त्याच्या आधीपासूनच विसरत होते.’’

सानिका घाबरली. ‘‘आई, मी तसं नाही म्हटलं,’’ म्हणत ती त्यांच्यापाशी बसली. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि आतच थांबले. दरवर्षी त्या पोरीला ज्या पाठी दिसल्या त्यातली एक माझ्या ओंकारची होती. मी दुपारची झोपायचे तेव्हा तो कठड्याला धरून पुढे उभा असायचा.

दोन दिवसांनी काकी माझ्या दारात. ‘‘ओंकारची आई, एक विचारू? दोघींना किती पुऱ्या लागतात हो?’’

पन्नासेक पुऱ्यांखाली ज्या बाईने कधी कणीक मळली नाही ती मला विचारत होती. मला हसू आलं. दोघीच जाणार होत्या, मंगळवारी, म्हणजे गर्दी नाही. व्हॅन नको, टॅक्सी करणार होत्या. सानिका आधी म्हणाली होती, आता काय आई राणीची बाग, मी कॉलेजला जाणार. मग आईचं तोंड बघून म्हणाली, बरं, चल, पण हात धरायचा नाही.

मंगळवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सुट्टी टाकली होती. खाली दोघी निघालेल्या दिसल्या. काकींच्या हातात एवढासा डबा. आणि आमची परी, पाच वर्षांची, कुठून कळलं कोण जाणे, उलट्या चपला घालून धावत फाटकापाशी.

‘‘काकी, मी पण येऊ?’’

मी वरून हाक मारणार होते, पण मारली नाही. का मारली नाही ते खरंखरं सांगायचं तर मला वाटलं, नेतीलच. इतक्या वर्षांची माझीही सवय. काकींचा हात सवयीने पुढे आला, परीच्या टाळूवर टेकला. सानिका बाजूला उभी राहून आईकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं, ती एक पाऊल मागे सरकली होती. कोणी न सांगता. तिलाही सवय.

ते मागचं पाऊल काकींनीही पाहिलं असावं.

‘‘नाही गं बाळा,’’ त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता. ‘‘आज नाही. आज मी माझ्या मुलीला घेऊन चाललेय.’’

परीने जे भोकाड पसरलं ते चौथ्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. काकींनी मागे वळून बघितलं नाही. टॅक्सीचं दार उघडून आधी सानिकाला खिडकीशी बसवलं, मग आपण बसल्या. मला क्षणभर राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या पोरीला नाही म्हणाल्या? मग माझीच मला लाज वाटली आणि मी खाली जाऊन परीला उचलून आणलं.

दुपारी फोन आला. मागे पक्ष्यांचा कलकलाट.

‘‘ओंकारची आई, परी रडतेय का हो अजून?’’

‘‘नाही हो, केव्हाच विसरली. खेळतेय.’’

परी माझ्या मांडीवर बसून, हुंदके देत देत मॅगी खात होती.

‘‘खोटं बोलताय. आवाज येतोय मला.’’ मग म्हणाल्या, ‘‘किती वाईट वाटलं असेल लेकराला. चुकलंच माझं.’’

‘‘अजिबात नाही चुकलं,’’ मी म्हटलं. ‘‘सानिका कुठाय?’’

‘‘हिप्पोकडे. पुढे उभी आहे, कठड्यापाशी. मी मागेच थांबलेय. बघू दे तिला नीट.’’

त्यांना जरा हसवावं म्हणून मी विचारलं, ‘‘डोकी किती, काकी?’’

त्या हसल्या नाहीत.

‘‘एकच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण सारखी मोजतेय.’’